नव्या ग्रंथपालाचा सन्मान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्रंथालयांत नुकत्याच कामाला लागलेल्या एका तरी माणसाची दर वर्षी दखल घ्यायची, असं आम्ही काही निवृत्त ग्रंथपालांनी ठरवलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. नौपाड्यात एकीच्या घरी बसून आम्ही आलेली पत्रं वाचतो आणि मग त्या त्या ग्रंथालयात जाऊन येतो. आषाढ लागला की फोन सुरू होतात. कुणाला नाव सुचवायचं असतं, कुणाला आपल्याच वाचनालयात असा सन्मान सुरू करायचा असतो. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत.

नवोदित कुणाला म्हणायचं? वयाची अट आहे का?

ग्रंथालयाच्या कामाला लागून पाच वर्षं झालेली नसावीत, एवढीच अट. वयाची अट नाही. मुलं हाताशी आल्यावर चाळिशीत ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा देऊन या कामात आलेल्या कितीतरी बायका आपल्याकडे आहेत. त्याही नवोदितच.

आपल्या व्यवसायाचे आद्य गुरू एस. आर. रंगनाथन हेही एके काळी असेच नवखे होते. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले तेव्हा त्यांचं वय होतं 31. तोवर ते कॉलेजात गणित शिकवत होते आणि ग्रंथालयशास्त्राचा त्यांना गंधही नव्हता. वर्गात रमणाऱ्या माणसाला ते शांत दालन खायला उठलं. मला पुन्हा शिकवायला घ्या, म्हणून ते कॉलेजकडे परत गेले होते. पण त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला शिकायला पाठवलं गेलं. तिथल्या एका दुकानात मुलांचा मेकॅनोचा खेळ मांडलेला त्यांनी पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, आणि त्यांतून हवं ते यंत्र जोडता येतं. पुढे 1933 मध्ये आलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचं, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या त्यांच्या पद्धतीचं, मूळ त्या खेळात आहे. मला या हकिकतीत रंगनाथनांच्या बुद्धीइतकीच मोलाची वाटते ती त्यांना पहिल्याच वर्षी मिळालेली संधी. परत जायला निघालेल्या माणसाला कुणीतरी शिकायला पाठवलं.

इतक्या लवकर सन्मान कशाला? आधी काम तर करू द्या.

हा प्रश्न बहुतेक वेळा कार्यकारिणीतली ज्येष्ठ मंडळी विचारतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण आपल्याकडे ग्रंथपालाच्या गळ्यात हार पडतो तो निवृत्तीच्या दिवशी. तेव्हा त्याला त्याची गरज उरलेली नसते. गरज असते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. कामातलं नवेपण ओसरलेलं असतं, पगार वाढलेला नसतो आणि घरचे विचारत असतात की दुसरीकडे कधी बघणार.

मी स्वतः तिसऱ्या वर्षी सोडायला निघाले होते. तेव्हा मी एका संस्थेत होते, तिचं नाव इथे नको. आठ महिने बसून मी तिथली तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या सूचीची, सगळी कार्डं नव्याने हाताने लिहिली. जुन्या कार्डांवर एकाच लेखकाचं नाव तीन-तीन तऱ्हांनी होतं. वर्धापनदिनाला पाहुण्यांनी त्या तालिकेचं तोंडभरून कौतुक केलं. आभार मांडववाल्याचे झाले, माइकवाल्याचे झाले, माझं नाव आलं नाही. त्या रात्री मी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी चरईतले एक आजोबा पुस्तक बदलायला आले. त्यांनी सोनचाफ्याची दोन फुलं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, ती कार्डं तुम्ही लिहिलीत. मी रोज बघत होतो." अर्ज माझ्या पर्समध्येच राहिला.

आणि लवकर म्हणजे किती लवकर? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली सुरू झालं. ते उभं करण्यात पुढाकार घेणारे वि. ल. भावे तेव्हा 21 वर्षांचे होते. त्या वयाच्या तरुणावर या गावाने विश्वास टाकला होता.

बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या असणं आवश्यक आहे का?

नाही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'ड' वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच माणूस असतो. कुलूप उघडणं, झाडणं, देवघेव, वर्गणीच्या पावत्या, आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही, सगळं त्याच्याच अंगावर. त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याचं नाव बाजूला ठेवायचं, हे आम्हाला पटत नाही. त्याला पुढे शिकायची इच्छा आहे का, हे मात्र आवर्जून विचारतो.

शाळा, कॉलेज किंवा कंपनीतल्या ग्रंथपालाचं नाव सुचवलं तर चालेल?

चालेल. रुग्णालयातलं ग्रंथालय असो, सोसायटीने तळमजल्यावर चालवलेलं असो, तेही चालेल.

होतकरू माणूस ओळखायचा कसा?

खरं तर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर कागदावर सापडत नाही. आम्ही न सांगता जातो आणि एक संध्याकाळ देवघेवीच्या टेबलाजवळ बसतो. साडेपाच ते साडेसात ही वेळ चांगली. गाडीतून उतरलेली माणसं घरी जाता जाता येतात, शाळेतली मुलं येतात आणि घाई असते.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे 'नाही' कसं म्हटलं जातं. मागितलेलं पुस्तक वाचनालयात नसणं ही रोजची गोष्ट. "नाहीये" म्हणून पुढच्याकडे वळणारे असतात. एखादी मुलगी मात्र म्हणते, "ते बाहेर गेलंय काकू, पंधरा तारखेला येईल, तुमचं नाव लिहून ठेवते. तोवर याच लेखिकेचं हे वाचलंय का?" आणि नाव खरंच लिहून ठेवते. तिच्या खणात अशी वही असते, मागितलेल्या पण न मिळालेल्या पुस्तकांची. ती वही आम्ही पाहायला मागतो. पुस्तकखरेदीच्या वेळी ती वही उघडली जात असेल, तर आमचं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे कपाटं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक 891.46. पुढे 1 लागला की कविता, 2 लागला की नाटक, 3 लागला की कथा-कादंबरी. कुठल्याही कपाटासमोर उभं राहून सलग वीस पुस्तकांच्या पाठी वाचाव्यात. 891.461 मध्ये घुसलेली कादंबरी तिथून हलली नसेल, तर बरेच दिवसांत कुणी त्या कपाटाकडे वळलेलं नाही. आमच्याकडे खाडीची दमट हवा. पावसाळ्यात खालच्या फळीवरच्या पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. तो खालचा कप्पा कोण वाकून पाहतं, तेही आम्ही बघतो.

आता एक प्रत्यक्ष पाहिलेलं सांगते. कोपरखैरण्याला माथाडी कामगारांच्या वस्तीजवळ एक अभ्यासिका आहे. तिथे पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं बसतात. तिथला ग्रंथपाल तेव्हा दीड वर्षाचा जुना होता. त्याच्या लक्षात आलं की दोन-तीन मुलं रोज रात्री नऊनंतरच येतात, आणि नऊला तर अभ्यासिका बंद व्हायची. ती दिवसभर बाजारात हमाली करणारी मुलं होती. त्याने कार्यकारिणीला अर्ज दिला की वेळ अकरापर्यंत करा, मी थांबतो. सोबत पंधरा दिवसांची नोंद जोडली होती. कोण किती वाजता आलं आणि दार बंद पाहून परत गेलं. नुसती विनंती केली असती तर ती फायलीला लागली असती, त्या नोंदीमुळे वेळ वाढली. आम्ही गेलो त्या रात्री पावणेदहाला आत नऊ जण होते. हा पठ्ठ्या कोपऱ्यात बसून खळीने पुस्तकांतल्या सुट्या तारीखपट्ट्या चिकटवत होता. आमच्याकडे त्याने एकदाच मान वर करून पाहिलं, चपला बाहेर काढायची खूण केली आणि परत कामाला लागला.

त्या वर्षी आमची चर्चा दहा मिनिटांत संपली.

सभासदसंख्या, देवघेवीचे आकडे बघता का?

बघतो, पण शेवटी. ठाणे स्टेशनाजवळच्या वाचनालयात माणसं आपसूक येतात, घोडबंदर रोडवरच्या नव्या वसाहतीत ती एकेक करून जोडावी लागतात. दोघांचे आकडे शेजारी ठेवणं न्याय्य नाही. त्याच वाचनालयाचे आधीचे आणि आताचे आकडे मात्र शेजारी ठेवून पाहावेत.

संगणकीकरण केलं, की नाव सुचवायला तेवढं पुरेसं आहे?

बहुतेक पत्रांची सुरुवातच 'संपूर्ण संगणकीकरण केले' अशी असते. कोहा असो, ई-ग्रंथालय असो, ग्रंथालयासाठीच्या चांगल्या संगणक प्रणाली आहेत आणि त्या बसवायला कष्ट पडतात, यात वाद नाही. पण बारकोड चिकटवले म्हणजे पुस्तक सापडलं असं होत नाही.

आम्ही संगणकासमोर बसून 'कुसुमाग्रज' असं टाइप करून बघतो. मग 'शिरवाडकर' टाइप करतो. एका शोधात फक्त कविता आल्या आणि दुसऱ्यात फक्त नाटकं, तर वाचकाला अर्धाच माणूस मिळाला. 'आरती प्रभू' आणि 'खानोलकर', 'केशवकुमार' आणि 'अत्रे', 'ग्रेस' आणि 'गोडघाटे', सगळीकडे तेच. जुन्या कार्डांवर आम्ही 'पाहा' अशी नोंद करून एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वाचकाला पाठवत असू. वाशीच्या एका वाचनालयात जेमतेम दोन वर्षं झालेल्या मुलीने अशी टोपणनावं शोधून संगणकात जोडून ठेवली होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका वाचकाला पुस्तक असूनही मिळालं नाही, हे तिला लागलं होतं. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथनांच्या 1931 च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र. परीक्षेत ते सगळेच लिहितात, तिने ते करून दाखवलं.

नाव कोण सुचवू शकतं? पत्रात काय लिहावं?

कुणीही. वाचकांची पत्रं आम्हाला जास्त उपयोगी पडतात. स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तरी आम्ही वाईट मानत नाही. एकट्या माणसावर चालणाऱ्या वाचनालयात दुसरं लिहिणार तरी कोण?

'मनमिळाऊ, कार्यतत्पर, सदा हसतमुख' अशा विशेषणांवरून आम्हाला काही कळत नाही. एक प्रसंग लिहा. काय अडलं होतं, या माणसाने काय केलं, त्यानंतर काय बदललं. अर्धं पान पुष्कळ झालं. ऐरोलीच्या एका सातवीतल्या मुलाने वहीच्या पानावर लिहिलं होतं, 'ताई मला विज्ञानाची पुस्तके देतात आणि परत करताना त्यात काय होते ते विचारतात.' अशी ताई आम्ही पाहून आलो नसतो तरच नवल.

शासनाच्या पुरस्कारांशी याचा संबंध आहे का?

नाही. राज्य शासनाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे उत्कृष्ट ग्रंथालयांसाठीचे आणि डॉ. रंगनाथन यांच्या नावाचे कार्यकर्ते व सेवकांसाठीचे पुरस्कार वेगळे आहेत. त्यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात करावी. आमचा सन्मान घरगुती आहे.

सन्मान म्हणून काय द्यावं?

शाल आणि श्रीफळ द्या. त्यात गैर काही नाही, घरी नेऊन आईला दाखवता येतं. पण तेवढ्यावर थांबू नका. या वयाच्या माणसाला पुढे जायला काय लागतं, हे आधी त्याला विचारा. एकीने बी.लिब.च्या प्रवेशाची फी मागितली. एकाला पुस्तकबांधणी शिकायची होती. त्याला बांधणीच्या कारखान्यात दर शनिवारी बसता यावं म्हणून संस्थेने त्या दिवसांची भरपगारी रजा दिली. आज त्याच्या वाचनालयाची निम्मी फाटकी पुस्तकं तो स्वतः बांधतो. एका मुलीने फक्त एवढंच मागितलं की दुसऱ्या वाचनालयांत चार दिवस काम बघायला पाठवा. ते तर फुकटच जमलं.

रोख रक्कम देणार असाल तर ती धनादेशाने, आकडा सांगून द्या. पाकिटात किती आहे याचं कोडं ठेवू नका. पुस्तकं देणार असाल तर ती त्या माणसाला निवडू द्या. वाचनालयात शिल्लक पडलेल्या प्रती बांधून देऊ नयेत. दिवसभर पुस्तकं हाताळणाऱ्याला ते लगेच कळतं.

सन्मानपत्राचा मजकूर कसा असावा?

छापील नमुने वापरू नका. 'आपण ज्ञानाची गंगा घरोघरी पोहोचवली' हे कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. त्या माणसाचं काम लिहा. आम्ही मागे लिहिलेल्या एका पत्रातल्या या ओळी, नाव वगळून:

'आपण या वाचनालयात आलात तेव्हा बालविभागाची किल्ली कपाटात होती आणि मुलांना पुस्तक खिडकीतून मिळत असे. आपण ती कपाटं उघडी केलीत. पहिल्या वर्षी अकरा पुस्तकं हरवली, त्याचा हिशेब आपण स्वतः सभेपुढे ठेवलात, आणि तरीही कपाटं पुन्हा बंद होऊ दिली नाहीत. आता मुलं जमिनीवर बसून वाचतात. याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत.'

अकरा पुस्तकं हरवल्याचं लिहावं की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. लिहिलं ते बरं केलं. तिच्या वडिलांनी तेच वाक्य दोनदा वाचून घेतलं.

कार्यक्रम कधी आणि कुठे करावा?

12 ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून तो पाळला जातो. दिवस उत्तम. अडचण इतकीच की त्या दिवशी सगळे ग्रंथपाल आपापल्या ठिकाणी प्रदर्शन मांडण्यात गुंतलेले असतात आणि ठाण्यात पाऊस कोसळत असतो. आम्ही जवळचा रविवार धरतो.

जागा म्हणाल तर त्या माणसाचं वाचनालय. नाट्यगृह नको, मोठा हॉल नको. कपाटांच्या मधल्या जागेत पंचवीस खुर्च्या मावतात, तेवढ्या पुरेत. देवघेव त्या वेळी बंद ठेवू नका. नाहीतर सत्काराला आलेला वाचक पुस्तक न बदलता परत जातो, आणि ज्याचा सत्कार आहे त्यालाच ते सर्वांत जास्त खटकतं. त्या अर्ध्या तासापुरतं टेबल कार्यकारिणीतल्या कुणीतरी सांभाळावं. एका ठिकाणी अध्यक्ष स्वतः तारखेचे शिक्के मारत बसले होते, आणि तिथल्या मुलीने मला नंतर सांगितलं की शालीपेक्षा तेच तिच्या लक्षात राहिलं.

सत्कारमूर्तीला पहिल्या मिनिटापासून खुर्चीवर बसवा. चहा आणायला, सतरंजी टाकायला, फोटो काढायला त्याच दिवशी त्यालाच पिटाळलेलं मी पाहिलं आहे. घरच्यांना बोलवा. आपली मुलगी दिवसभर नेमकं काय करते, हे बहुतेक आईवडिलांना तोवर ठाऊक नसतं.

पाहुणे म्हणून कुणाला बोलवावं?

ज्याच्याकडून हा माणूस काम शिकला त्याला. बोलायला दहा मिनिटं.

जुने सहकारी नाराज होतात. काय करावं?

होतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. वीस वर्षं काम केलेल्या शिपायाला कुणी फूल दिलं नाही आणि दोन वर्षांच्या मुलाला सन्मानपत्र, हे टोचणारच. म्हणून नाव जाहीर करण्याआधी त्यांच्याशी बोला. सन्मानपत्र त्यांच्याच हातून द्या. कोणत्या फळीवर गळतं, कुठल्या सभासदाला मोठ्या टाइपाचं पुस्तक लागतं, दिवाळी अंक कुठल्या क्रमाने लावायचे, हे नव्याला त्यांनीच शिकवलेलं असतं. तेवढं माइकवर म्हणा. आणि ज्यांचा कधीच सन्मान झाला नाही त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा, दोन गोष्टी एकात उरकू नका.

पगार वेळेवर होत नाही, आणि तुम्ही सन्मान करत फिरता?

हा प्रश्न एका तरुण ग्रंथपालाने भर बैठकीत विचारला होता, आणि त्याचा तो राग रास्त होता. सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान हप्त्यांनी येतं, पगार त्यावर अवलंबून, आणि हप्ता लांबला की पहिला फटका कर्मचाऱ्याला. सन्मानाने हे सुटत नाही. सन्मान हा पगाराला पर्याय आहे असं कुठल्याही कार्यकारिणीने समजू नये.

त्या बैठकीनंतर आम्ही आमच्या पद्धतीत एक बदल केला. नाव पक्कं झाल्यावर आम्ही संस्थेला विचारतो, या माणसाचा गेल्या वर्षातला पगार कधी कधी झाला? थकलेला असेल तर आधी तो द्या, मग आम्ही येतो. दोन संस्थांनी सन्मानाच्या आदल्या आठवड्यात थकबाकी चुकती केली. एकीने आम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं. तेव्हा त्या मुलाचा सन्मान आम्ही नौपाड्यातल्या घरीच केला.

सन्मान केला आणि माणूस सोडून गेला, तर संस्थेचं काय?

जातात. चांगले असतात म्हणून बोलावणी येतात. कोपरखैरण्याचा तो अभ्यासिकेचा मुलगा पुढे एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागला, पगार दुपटीहून जास्त. अभ्यासिकेच्या सचिवांनी मला फोन करून जरा तक्रारीच्या सुरात म्हटलं, "मॅडम, तुम्ही त्याला मोठा केलात आणि तो गेला." मी त्यांना विचारलं, रात्री अभ्यासिका किती वाजता बंद होते? म्हणाले, अकरालाच. जाताना त्याने नव्या मुलीसाठी एक वही लिहून ठेवली आहे, कुठला पंखा आवाज करतो इथपासून ते कोणता मुलगा जेवून आलेला नसतो इथपर्यंत. ती मुलगी आता रोज त्यातलं एक पान वाचूनच दार उघडते, असं सचिवांनीच सांगितलं. तिचं नाव मी तेव्हाच टिपून घेतलं.